मध्यंतरानंतर

"आला, कराचीचा पाहुणा आला," यशवंत घरत हलकेच म्हणाला.

मी नुकतीच मध्यरेषा ओलांडली होती. दम सुरू झाला होता, आणि मी म्हणत होतो, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. घरत त्यांचा डावा कोपरा सांभाळायचा. हात गुडघ्यांवर, मान खाली, नजर माझ्या पायांवर. ओठ हलताना दिसत नव्हते, पण आवाज त्याचाच होता.

"व्हिसा काढलास का रे? का तसाच आलास?"

त्याच्या शेजारचा फिसकन हसला. हसताना त्याचा हात साखळीतून सुटला, तेवढ्यात मी त्याच्या मनगटाला बोट लावलं आणि उडी मारून परत आलो. एक गडी बाद. हरेशने हात वर धरला होता, त्यावर मी टाळी दिली.

"काय बोलत होता घरत?" हरेशने विचारलं.

"काही नाही."

"हसले कशाला मग?"

"त्यालाच विचार," मी म्हणालो.

तालुक्याच्या चषकाचा अंतिम सामना होता तो. आमचं गाव नांदखार, खाडीच्या अलीकडे. सामना होता पलीकडे, शिरवाड्यात, आणि समोर संघही शिरवाड्याचाच. मैदान त्यांचं, ढोल त्यांचे, दोरीमागची गर्दी त्यांची. आमची माणसं दोन होड्या भरून आली होती आणि एका कोपऱ्यात उन्हात बसली होती.

हरेश म्हणजे हरेश्वर म्हात्रे, आमचा कर्णधार. शाळेत असल्यापासून आम्ही एकत्र खेळत होतो. चढाईला मी, पकडीला तो. मी गडी मारून यायचो, तो आलेला गडी धरायचा. मुंबईच्या एका कंपनीच्या संघासाठी खेळाडू हेरणारे एक साहेब त्या दिवशी आले होते, आणि ते आम्हा दोघांना बघायला आलेत हे आम्हाला आदल्या दिवशीच कळलं होतं. कंपनीत खेळायचं म्हणजे कायमची नोकरी. आम्ही दोघांनी एका खोलीत राहायचं, एकाने भात लावायचा, एकाने मासे आणायचे, इथपर्यंत सगळं ठरवून टाकलं होतं.

मुंबईतल्या दंगली होऊन वर्ष झालं होतं. आमच्या खाडीकाठी काही घडलं नव्हतं. पण मुंबईहून पळून आलेली दोन कुटुंबं आमच्या मोहल्ल्यात अजून राहत होती. एसटीत शेजारी बसलेला माणूस गावची, पावसापाण्याची चौकशी करायचा, मग नाव विचारायचा. मी नईम हुर्जूक म्हटलं की खिडकीबाहेर बघायला लागायचा. एवढंच. नांदखारच्या मैदानावर मात्र मला कोणी कधी काही म्हटलं नव्हतं.

पुढच्या चढाईला घरतने नवीन काढलं. तो माझ्या दमाच्या तालावरच पुटपुटू लागला. मी कबड्डी म्हटलं की तो म्हणायचा कराची. कबड्डी, कराची. कबड्डी, कराची. दोन्ही शब्द तालाला इतके सारखे होते की एखाद्याला वाटावं, मीच दुहेरी आवाजात बोलतोय. तरीही मी बोनस घेऊन आलो. त्याच्या पुढच्या वेळेला त्यांचे सातही जण म्हणत होते. मग दोरीला टेकून बसलेल्या पोरांना ते ऐकू गेलं, आणि त्यांनी उचललं. त्यांच्यामागे बायका बसल्या होत्या, त्याही टाळ्या वाजवायला लागल्या. मला वाटतं त्यांतल्या निम्म्यांना आपण काय म्हणतोय तेही ठाऊक नसावं. शेवटी ढोलवाल्याने ताल धरला.

कबड्डीत चढाई करणाऱ्याला उत्तर देता येत नाही. समोरचे वाटेल ते बोलू शकतात. त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघाला की तो बाद. मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी पुष्कळ काही ऐकून घेतलं, पण उत्तर द्यायला नियमानेच बंदी होती ती त्या एकाच ठिकाणी.

हरेश पंचांकडे गेला. जुने, जाणते पंच होते, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी. मी त्याच्या मागे उभा होतो.

"साहेब, हे काय चाललंय? थांबवा."

"काय थांबवू?"

"ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"येतंय की. मैदानात कोणी शिवी दिली का? आईबहिणीवरून काही बोललं का?"

"साहेब, ते कराची म्हणतायत."

"मग? कराची ही शिवी आहे का? गावाचं नाव आहे." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "खेळावर लक्ष द्या. प्रेक्षकांची तोंडं मी कशी धरू?"

हरेश रागाने लाल झाला होता. मीच त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. "सोड ना," मी म्हणालो, "मी मारतोय ना गडी? तेच उत्तर."

आणि मी खरंच मारत होतो. आम्ही चार गुणांनी पुढे होतो आणि त्यांतले बहुतेक माझे होते. मला वाटायला लागलं होतं की हे मला जमतंय. कान बंद करायचे, पायाखालची माती तेवढी बघायची. अब्बा शिंपी होते. मशीन सुरू केलं की ते बाहेरचं काही ऐकायचे नाहीत. आम्ही मोठ्याने हाका मारायचो, त्यांचं लक्ष टाक्यावर. मी तसं करायचा प्रयत्न करत होतो.

मध्यंतराला थोडाच वेळ राहिला असताना मी शेवटची चढाई केली. त्यांचे तीनच गडी उरले होते. ते संपले असते तर त्यांच्यावर लोण चढला असता आणि सामना तिथेच आमच्या खिशात आला असता. घरत अजून आत होता. मी उजवीकडे झुकून हूल दिली, तो फसला, त्याचा पाय पुढे आला. मला त्याचा पाय दिसत होता, हात लांबवला की लागेल इतका जवळ. चारी बाजूंनी ढोल आणि तो ताल. मी हात लांबवला आणि माझ्या तोंडून आलं, "कबड्डी, कबड्डी, कराची."

माझं मलाच ऐकू आलं. स्वच्छ, मोठ्याने.

ढोलवाल्याचा हात थांबला. घरतसुद्धा वाकलेला सरळ झाला आणि माझ्याकडे बघत राहिला. मग शिट्टी वाजली. दम तुटला, गडी बाद. त्यानंतर जो हशा उठला तसा हशा मी पुन्हा कधी ऐकला नाही. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. लाउडस्पीकरवरचा निवेदक म्हणाला, "अरे वा, पाहुण्यांनी स्वतःच पत्ता सांगितला," आणि पुन्हा हशा झाला. आमच्या बाकावरही कोणीतरी हसलं आणि तोंड दाबलं. त्याला मी दोष देत नाही. तसं ऐकल्यावर कोणालाही हसू आलं असतं.

थोड्याच वेळात मध्यंतर झालं.

मैदानाच्या कडेला एका आंब्याखाली आम्ही बसलो. लिंबं कापलेली होती. आमच्या मंडळाचे नाना ठाकूर सगळ्यांना एकेक फोड देत होते. नानांनीच मला दहा-बारा वर्षांचा असताना मैदानात आणलं होतं. अब्बांना भेटून ते म्हणाले होते, पोरगं मशीनवर बसवू नका, माझ्याकडे द्या. ईदला आमच्याकडे शीरखुर्म्याला सगळ्यात आधी नाना यायचे.

त्यांनी फोडी वाटून संपवल्या आणि ते खाली बसले.

"आरं, ऐका," ते म्हणाले. "मी तिकडं फिरून आलो. दोरीच्या मागं पिऊन आलेली पोरं हायत. दगड गोळा करून ठेवलेत. आता आपण पुढं आहोत. जिंकायला लागलो की ती पेटणार."

"पोलिसांना सांगा," हरेश म्हणाला.

"दोन हवालदार हायत. एक जेवायला गेलाय." नाना माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी शपथेवर सांगेन. "नईम, तुझ्या अंगाला हात लागला तर मी तुझ्या बापाला काय तोंड दाखवू? आणि इथं काही झालं तर ते इथंच थांबनार न्हाय. उद्या आपल्या गावात येईल. तुझ्याच आळीत येईल."

लिंबं चोखल्याचे आवाज तेवढे येत होते. रोहिदास, आमचा राखीव खेळाडू, उगाच घोट्याची पट्टी सोडून परत बांधू लागला.

"तुमचं काय म्हणणं, नाना?" हरेशने विचारलं.

"माझं काय म्हणणं असनार? कर्नधार तू. तू सांग."

हरेश खाली बघून हाताला माती चोळत राहिला. एकदा तो काहीतरी बोलणार असं वाटलं, पण बोलला नाही. मैदानावर ढोल पुन्हा सुरू झाला. तिकडे त्यांचा संघ उभा राहिला होता.

"मी बसतो," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हरेशकडे पाहिलं.

"मी बसतो. रोहिदासला उतरवा. आपण पुढे आहोत, पकडीवर सामना काढता येईल."

"नक्की?" हरेश म्हणाला.

"नक्की."

नानांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "शहाना हायेस पोरा," ते म्हणाले, आणि उपरण्याने डोळे पुसले. रोहिदास उठून उड्या मारू लागला. शिट्टी झाली, आणि ते सातजण मैदानात गेले.

मी बाकावर बसलो नाही. पाणी पिऊन येतो असं सांगितलं आणि शर्ट चढवून सरळ धक्क्यावर गेलो. ओहोटी लागली होती. नावाडी धाकूची होडी काठाला लागून होती आणि तो आत पाय पसरून बिडी ओढत होता.

"संपली का मॅच?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"पाय मुरगळला," मी म्हणालो. ते वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं मला माहीत नाही. आधी काही ठरवलं नव्हतं.

"पलीकडे सोडू?"

"थांब जरा."

मी होडीत बसून राहिलो. मैदान टेकाडाच्या मागे होतं, दिसत काही नव्हतं. आवाज मात्र येत होते. मोठा जल्लोष झाला की मला वाटायचं, शिरवाड्याचा गुण. लगेच त्याच्याच पाठोपाठ दुसरा व्हायचा आणि कळायचं नाही की कोणाचा. आमची माणसं थोडी होती, त्यांचा आवाज त्यांच्यात मिसळून जायचा. मधूनच तो ताल ऐकू यायचा. मी तिथे नव्हतो, तरी ते अजून तेच म्हणत होते. मला वाटलं, त्यांना आता चटक लागली असेल.

शेवट व्हायच्या आधीच मी धाकूला म्हटलं, चल.

घरी अब्बा मशीनवर होते. संघाच्या चड्ड्या त्यांनीच शिवल्या होत्या. पट्टीसाठी पिवळं कापड खास पनवेलहून आणलं होतं.

"इतक्यात आलास?" ते म्हणाले. "बाकीचे कुठे?"

"पाय मुरगळला. मला आधी पाठवलं."

अम्मीने हळद गरम करून लावली. मी ती लावून घेतली.

उन्हं कलल्यावर ढोल वाजत आले. आमची पोरं जिंकून आली होती. मिरवणूक आगरी आळीतून निघाली आणि थेट आमच्या मोहल्ल्यात शिरली, आमच्या दारात थांबली. नानांनी तो चषक आणून माझ्या हातात दिला, माझ्या गळ्यात हार घातला. ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अर्धा सामना ह्यानं जिंकून दिला. बिचाऱ्याचा पाय मुरगळला, न्हाईतर काय केलं असतं बघा."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मी घरी काय सांगितलंय हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. धाकूशी त्यांचं बोलणं झालेलं नव्हतं. त्यांनी आपलं आपण ठरवलं होतं, होडीत बसून येताना, गावाला काय सांगायचं ते. आणि तेही तिथेच येऊन पोचले होते जिथे मी पोचलो होतो.

अब्बांनी सगळ्यांना सरबत दिलं. हरेश सगळ्यांच्या मागे, फाटकाशी उभा होता. त्याने सरबत घेतलं नाही.

मग मला लंगडावं लागलं. चार-आठ दिवस मी गावात लंगडत फिरलो. हरेश सरावाला बोलवायला यायचा, सायकलवरून उतरायचासुद्धा नाही.

"येतोस?"

"पाय दुखतोय."

तो माझ्या पायाकडे बघायचा. दोन्ही पायांकडे. "बरं," म्हणायचा, "आराम कर." आणि निघून जायचा. असं किती वेळा झालं. मग तो यायचा थांबला. कंपनीच्या साहेबांनी त्याला घेतलं. माझ्यासाठीही निरोप होता, पाय बरा झाला की मुंबईला येऊन दाखव. मी गेलो नाही. पुढल्या वर्षी मामूंनी मस्कतला बोलावलं, तिकडे एका गोदामात लागलो, आणि जवळजवळ सगळी उमर तिकडे काढली. सुट्टीवर गावी आलो की पारावर पोरं बसलेली असायची, कुठल्या ना कुठल्या सामन्याच्या गप्पा चाललेल्या असायच्या. मी जवळ गेलो की कोणीतरी विचारायचं, "मस्कतला काय गरम असेल नाही?" त्यात वाईट हेतू नव्हता. सगळे मला जपत होते.

गेल्या वर्षी मी कायमचा परत आलो. अब्बा-अम्मी गेले, नानाही गेले. पोरं तिकडेच स्थिरावलीत. घरात मी आणि जैनब, माझी बायको.

दिवाळीनंतर एका दुपारी हरेश आला. कंपनीतून निवृत्त होऊन तोही गावात आला होता आणि मंडळाचा अध्यक्ष झाला होता. केस सगळे पांढरे, एका हातात काठी. इतक्या वर्षांत आम्ही लग्नकार्यात, मयतीत भेटलो होतो, चार शब्द बोललो होतो. घरी तो त्या मिरवणुकीनंतर पहिल्यांदाच पायरी चढून आला. जैनबने सांदणं केली होती, ती त्याच्यापुढे ठेवली.

"मंडळाला पन्नास वर्षं होतायत," तो म्हणाला. "जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवलाय. पहिलं नाव तुझं घातलंय."

"माझा पाय बरा नसतो रे," मी सवयीने म्हणालो.

"कुठला?"

"काय?"

"कुठला पाय? डावा का उजवा?"

हे मला कधीच कोणी विचारलं नव्हतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला आठवेना. खरंच आठवेना. मी कुठल्या पायाने लंगडायचो?

हरेश हसला नाही. त्याने सांदणाचा तुकडा मोडला आणि बशीतच ठेवला.

"सत्काराचं राहू दे," मी म्हणालो. "मी येणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. पण मला एक सांग. मध्यंतरानंतर काय झालं?"

"म्हणजे?"

"आपण जिंकलो, एवढंच मला माहीत आहे. कसे जिंकलो ते कधी कळलंच नाही. मी होडीत बसलो होतो. नंतर मला कोणी सांगितलं नाही, मी कोणाला विचारलं नाही."

तो खाडीकडे बघायला लागला. मला वाटलं, विषय बदलणार. पण त्याने काठी भिंतीला टेकवली आणि सांगायला लागला.

"रोहिदास पहिल्याच चढाईत गेला. घरतने घोटा धरला त्याचा. मग एकामागून एक. आपल्यावर लोण चढला, चार गुणांची आघाडी गेली ती गेलीच, वर आपणच मागे पडलो. चढाईला कोण जाणार? तू नाहीस. म्हणून मी गेलो."

"तू? चढाईला?"

"दुसरं कोण होतं? मी रेषा ओलांडली आणि दम धरला. आणि घरतने तेच सुरू केलं. कराची, कराची."

"तुला?"

"मला. म्हात्र्याला. सगळं मैदान म्हणत होतं. माणूस बदललाय याची त्यांना शुद्धच नव्हती, तोंडात बसलं होतं त्यांच्या. ढोल, टाळ्या, सगळं तसंच."

"मग?"

"मग काही नाही." हरेशने माझ्याकडे पाहिलं. "तेच तुला सांगतोय, नईम. मला काहीच झालं नाही. पत्र्यावर पाऊस पडावा तसा नुसता आवाज. उलट मला ताल मिळाला त्यात. मला हसू यायला लागलं. मी आयुष्यात कधी चढाई केली नव्हती, आणि हसत हसत दोन गडी मारून आलो. परत गेलो, पुन्हा एक. तशी आघाडी घेतली आपण."

जैनब चहा घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली.

"दुसऱ्यांदा परत येताना माझ्या डोक्यात आलं," तो म्हणाला, "की हाच शब्द. हीच माणसं. तोच कोपरा. आणि मला हसू येतंय. मग नईमला अर्धा सामनाभर काय होत होतं? ते तोपर्यंत मला कळलंच नव्हतं, बघ. मी पंचांशी भांडलो होतो, चिडलो होतो, पण मला वाटत होतं की कोणी चिडवतंय, आपण चिडू नये. एवढंच आहे असं वाटत होतं. मी बाकाकडे पाहिलं. तू नव्हतास."

"मग तू काय केलंस?"

"सामना पूर्ण केला." त्याने बशी पुढे सरकवली. "संघ घेऊन बाहेर यायला पाहिजे होतं. मनात आलं होतं. पण साहेब बघत होते, आपण पुढे होतो... सामना पूर्ण केला."

जैनबने चहा ठेवला आणि आत गेली.

"अजून एक आहे," हरेश म्हणाला. "ते मी कोणाला सांगितलेलं नाही, बायकोला पण नाही. तू आंब्याखाली म्हणालास ना, मी बसतो. तेव्हा मला..."

"हायसं वाटलं," मी म्हणालो.

त्याने मान वर केली.

"मी तुझ्याकडेच बघत होतो, हरेश."

दोरीमागची गर्दी, घरत, पंच, ते हसणं, माझी घसरलेली जीभ, यातल्या कशाने माझं कबड्डी खेळणं थांबलं नाही. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा मैदानात उतरलो असतो, तेवढी रग माझ्यात होती. मी बसतो म्हटलं तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं की हरेश म्हणणार, गप रे, कोणी बसत नाही. त्यासाठीच मी ते म्हटलं होतं. आणि त्याचे खांदे खाली आले. दम रोखून धरलेल्या माणसाने श्वास सोडावा, तसा तो सैल झाला. मग त्याने 'नक्की?' विचारलं.

"तू नानांकडे बघायला हवं होतंस तेव्हा," तो म्हणाला.

"हो. नानांकडे बघितलं असतं तर चाललं असतं."

खाडीत भरती चढत होती. समोरच्या शिरवाड्याच्या धक्क्यापाशी आता पूल झालाय, मोटारी जातात येतात.

"नईम, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"मी तुझ्या जागी असतो. म्हणजे कराची मला म्हणत असते, आणि कर्णधार तू असतास. मी म्हणालो असतो, मी बसतो. तर तू काय केलं असतंस?"

त्याने ते इतक्या आशेने विचारलं की मला त्याच्याकडे बघवेना. तो दमला होता. काठीशिवाय त्याला उठता येत नव्हतं, आणि तरी तो आमच्या चार पायऱ्या चढून आला होता.

"मलाही हायसं वाटलं असतं," मी म्हणालो.

त्याने डोळे मिटले, मान हलवली, आणि थंड झालेला चहा एका घोटात संपवला. जाताना त्याने माझा हात धरला, आणि फाटकापर्यंत धरून ठेवला.

मी खरं बोललो की त्याला बरं वाटावं म्हणून बोललो, हे जैनबने मला त्या दिवशी विचारलं. मी पुष्कळ आठवून बघतो. तो आंबा, ती लिंबं, समोर बसलेला हरेश, आणि मी कर्णधार. पण ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभंच राहत नाही. त्या जागी मी कधी बसलोच नव्हतो. माझ्यासाठी कोणी बाजूला होतंय आणि मला हायसं वाटतंय, असं माझ्या बाबतीत कुठे कधी घडलं नाही. घडलं असतं तर मी काय केलं असतं, ते तिला मी आजपर्यंत सांगू शकलेलो नाही.